पाच वर्षांची गोळी

नागपूरला स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले. शेवटी डॉक्टरबाईंनी एका छोट्या पांढऱ्या गोळीची चिठ्ठी हातात दिली. "ही हार्मोनची. रोज एक, पाच वर्षं." मला हसू आलं. दिग्रसजवळच्या उपकेंद्रावर मी नर्स. वीस वर्षं गावोगावच्या बायांना गोळ्या वाटत आले होते. त्यात माझी एक गोळी ती काय!

दुसऱ्या महिन्यात तिनं आपलं काम दाखवलं.

त्या हिवाळ्यात कापसाला भाव नव्हता. आज चढेल, उद्या चढेल म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. अंगणवाडीच्या खोलीचं काम निघालं होतं, म्हणून लसीकरण एका घरच्या पुढच्या खोलीत ठेवलं. तीन बाजूंनी आढ्यापर्यंत कापूस, मधे मी, माझा लसीचा डबा आणि रडणारी पोरं. एकाएकी छातीतून आगीचा लोळ उठला आणि मानेवरून डोक्यात गेला. पोलकं भिजलं, कापसाचे तंतू ओल्या गळ्याला चिकटले. हातातली सुई ठेवून मी अंगणात धावले. घरची सून तांब्या घेऊन मागे आली. सातवा महिना होता तिला.

"नर्सबाई, ताप हाये का तुमाले?"

"नाही गं. गरम होऊन राह्यलं."

"एवढ्या थंडीत?"

मी तांब्यातलं पाणी तोंडावर मारलं.

असं दिवसातून सात-आठदा होई. सकाळी उठले की बोटं आखडलेली, दुधाच्या पिशवीचा कोपराही कापता येईना. नवऱ्याला सांगितलं तर तो काळजी करेल, आणि आधीच्या वर्षात त्यानं पुरेशी केली होती. एस.टी.च्या डेपोत तो मेकॅनिक. इंजिनाचा आवाज बिघडला की त्याला लांबून कळे, पण माझं मी त्याला कळू दिलं नाही. एके दिवशी गोळ्यांची पाकिटं पिठाच्या डब्यामागे सरकवली आणि घेणं बंद केलं.

वाटलं होतं, चार दिवसांत सुटका होईल. आग तशीच राहिली. वर आता आंघोळ करताना हात काखेत गेला की जागच्या जागी थांबायचा. ही गाठ आहे की हाड? कालही होती का?

तीन आठवड्यांनी त्या कापसाच्या घरी सुनेला तपासायला गेले. पापण्या आतून पांढऱ्याफटक. लोहाच्या गोळ्यांचं विचारलं, तर तिनं मान खाली घातली. सगळ्या उकिरड्यात टाकल्या होत्या.

"काहून?"

"मळमळते. सकायी उठवत नाही." मग म्हणाली, "तुमी सांगता घ्या म्हणून. घेऊन पाहा एकडाव."

एरवी मी चांगली खडसावली असती. पुस्तकातली वाक्यं तोंडपाठ होती. त्या दिवशी मी तिच्या बाजेवर बसले आणि घरात कुणाला बोलले नव्हते ते तिला सांगून टाकलं. माझा आजार तिला ठाऊक होता, अख्ख्या गावाला होता. गोळी सोडल्याचं मात्र कुणाला माहीत नव्हतं.

तिनं विचारलं, "मंग डॉक्टरले विचारलं का तुमी?"

"नाही."

"मी तरी तुमाले सांगितलं," ती म्हणाली.

तिला जेवणानंतर गोळी घेऊन बघायला सांगितलं आणि घरी गेले. नवरा चहा घेत होता. पाकिटं काढून त्याच्यासमोर ठेवली. त्यानं एकेक पाकीट उलटून पाहिलं.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू घाबरला असतास."

"ते तर मी रोजच घाबरतो," तो म्हणाला. "चाल, उद्या नागपूरले जाऊ."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. परत सुरू करा म्हणाल्या. वेळ बदलून पाहू, सकाळी चाला, बोटं कोमट पाण्यात हलवा, आग सोसवेना तर त्यावरही औषध आहे. या गोळीनं कधी गर्भाशयाला त्रास होतो, म्हणून अंगावरून रक्त गेलं तर एक दिवसही थांबू नका. मी विचारलं, "पाच वर्षं नीट घेतली तर आजार परत येणार नाही ना?"

"शक्यता कमी होते. खात्री मला देता येणार नाही."

बाहेर बाकावर बसले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. कुणीतरी खरं बोललं होतं, आणि खऱ्यासोबत राहण्याची मला नोकरीनंच सवय लावली होती. बाळंतपणात तरी मी कुणाला खात्री कुठे देत होते? शेवटपर्यंत बाईच्या उशाशी बसायचे, एवढंच.

तिसऱ्या वर्षी एकदा रक्ताचा डाग दिसला. त्याच दिवशी यवतमाळला जाऊन सोनोग्राफी केली. काही निघालं नाही, पण रिपोर्ट हातात येईपर्यंतची ती दुपार फार लांब होती. आग हळूहळू कमी झाली. बोटं अजून कुरकुरतात. दर तपासणीच्या आधीचे दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलत नाही, आणि नवराही मला बोलायला लावत नाही.

पाच वर्षांनी डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता बंद करा." आनंद व्हायला हवा होता. हातातली काठी काढून घेतल्यासारखं वाटलं. बसस्टँडवर नवऱ्यानं विचारलं, "आता काय करायचं?"

"दिग्रसची गाडी किती वाजता आहे ते बघ," मी म्हणाले. "उद्या लसीकरण आहे."