बांगडीवाल्याच्या खात्यातले पैसे

ती सभा आठवली की आजही आधी हसू येतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते. मी पोलीस निरीक्षक, खांद्यावर तीन तारे, केसांना मेंदी, वय पन्नाशीच्या पुढे, आणि केलं काय? ग्रामपंचायतीच्या अंगणात बायकांना सतरंजीवर बसवलं, त्यांच्या नवऱ्यांना खुर्च्या दिल्या आणि विचारलं, "घरात न सांगता पैसे बाजूला ठेवायला कोणी कोणी दिले? हात वर करा." खडू कोणी मोडला, हे शाळेतल्या बाईंनी विचारावं तसं! आज माझी नातसुद्धा इतकं बावळट विचारणार नाही.

प्रकरण मारेगावकडच्या कापूसपट्ट्यातलं. नोटा बदलल्या त्याला दोनेक वर्षं झाली होती. ठाण्यात निनावी अर्ज आला की बाजारातला एक बांगडीवाला मटक्याचा पैसा आपल्या खात्यात लपवतो. निनावी अर्ज बहुतेक वेळा कोणाच्या तरी पोटदुखीतून येतात, हे ठाऊक होतं. पण बँकेकडून माहिती मागवली, तर जुन्या नोटा बंद झाल्या त्या दिवसांत त्याच्या खात्यात खरंच काही लाख रोख भरलेले. आयकराच्या विवरणात त्याने ते हातउसने म्हणून दाखवले होते आणि त्यावर आयकर खात्याची नोटीसही आली होती. मला वाटलं, सापडला.

ठाण्यात बोलावलं. साठीतला मुसलमान माणूस, दाढी पांढरी. आसपासच्या गावांतल्या साऱ्या बायका त्याला चाचा म्हणत.

"पैसे कोणाचे?"

"बायांचे, मॅडम. चुडी भरायले येतात त्यांचे."

"नावं सांगा."

"नाव नाही सांगनार. अमानत हाय."

"अमानत? मग उसने का लिहिलं?"

"त्याच पैशातून माल भरतो नं मी. बाईनं मांगितले का वापस. नोटा बंद झाल्या, तवा सारे एकदम बँकेत टाकावं लागले."

बाकीचंही त्याने सांगितलं. बांधावरची तूर, तीळ, अंबाडी, एखादं बकरीचं पिल्लू, यांचे पैसे घरच्या बाईचे, अशी इकडची रीत. रीत असली तरी घरात ठेवले की ते नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या हाती लागतात. बँकेचं पासबुकही नवऱ्याच्याच खिशात. आणि बांगड्यांच्या दुकानात पुरुष उभा राहत नाही. म्हणून एका हातात बांगड्या भरून घेता घेता बाई दुसऱ्या हाताने पैसे त्याच्या गादीखाली सरकवते. मला ही गोष्ट फार गोड वाटली, आणि गोड गोष्टीवर पोलिसाने विश्वास ठेवू नये असं मी तेव्हा मानायची.

आता बाईचा जबाब घ्यायचा तर तिला ठाण्यात बोलवता येत नाही, तिच्या राहत्या ठिकाणी जाऊन विचारावं लागतं. कायदा बाईच्या भल्यासाठीच आहे. मी तो माझ्या समजुतीने पाळला, त्यांच्या गावात जाऊन सभाच बोलावली, वर सरपंच आणि पोलीस पाटलालाही साक्षीला घेतलं. पुढचं वर सांगितलंच आहे. एकही हात वर झाला नाही. सगळे पदर मात्र एकदम खाली ओढले गेले.

परत येऊन मी चाचाला म्हटलं, "तुमच्या एकाही बाईने कबूल केलं नाही."

"अल्ला का शुक्र," तो पुटपुटला आणि त्याचे खांदे सैल पडले.

गुन्हेगार मोडला की खांदे असेच पडतात, असं मी स्टेशन डायरी लिहिणाऱ्या हवालदाराला ऐटीत समजावलं. तो सुटकेचा श्वास होता, हे कळायला मला बाजाराचा दिवस उजाडावा लागला.

त्या दिवशी एक म्हातारी स्वतःच्या पायाने ठाण्यात आली. शेळ्या राखणारी, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"तक्रार द्याची हाय."

"कोणाविरुद्ध, मावशी?"

"तुमच्याच. काहून वं बाई, असं इचारतेत का? माहा बुढा तुमच्या बाजूच्या खुर्चीवर बसून चहा पेत व्हता! हात वर केला असता त थो हात जाग्यावर राह्यला असता काय?"

हवालदार खोकल्याचं सोंग करून बाहेर गेला. मी दार लोटलं. म्हातारी तासभर बोलली. तिच्यामागोमाग बांगड्या भरण्याच्या निमित्ताने बाजाराला आलेल्या आणखी तिघी-चौघी मागच्या दाराने आल्या. मटक्याचा धागा कुठेच जुळत नव्हता. मी अर्ज निकाली काढला.

चाचा मात्र सुटला नव्हता. मी म्हातारीला समजावलं, "मावशी, आमच्याकडे गुन्हा सिद्ध करायचं काम आमचं. आयकरात उलटं असतं. पैसे ज्याच्या खात्यात, त्यानेच सांगायचं की देणारा कोण, त्याची तेवढी ऐपत होती का, आणि व्यवहार खरा का. नाही सांगता आलं, तर ते पैसे त्याचीच कमाई धरतात. कर आणि दंड मिळून त्याचं दुकान जाईल."

"मंग आमी गेलो त?"

"तुमच्यापुरतं वाचेल. पण घरी कळेल."

तिने पदर खोचला. उठताना गुडघ्यावर हात टेकून तेवढं म्हणाली, "चाचानं आमचं नाव नाही सांगितलं."

ती यवतमाळच्या आयकर कार्यालयात गेली. सोबत काही जणी गेल्या, काही नाही गेल्या. तिथला साहेब भला माणूस होता. त्याने ऐपत विचारली, तेव्हा हिने शेळ्यांची चार पिढ्यांची वंशावळ ऐकवली आणि बाजारातल्या विक्रीच्या पावत्या टेबलावर ठेवल्या. आलेल्या बायकांचे पैसे मान्य झाले. न आलेल्यांचे चाचाच्या उत्पन्नात धरले गेले. कर आणि दंड भरायला त्याने दुकानाचा गाळा विकला आणि पुन्हा बाजारात टोपली घेऊन बसला. उरलेली नावं त्याने शेवटपर्यंत सांगितली नाहीत.

मी आयकरवाल्यांना दोष देत नाही. असा नियम नसता, तर प्रत्येक काळा पैसा कोणत्यातरी काल्पनिक मावशीचा निघाला असता. दोष माझा. कायद्याने सिद्ध करायचं ओझं माझ्यावर टाकलं होतं आणि मी ते गुपचूप त्या माणसाच्या डोक्यावर ठेवलं. वर बायकांच्या गप्प बसण्याला पुरावा म्हटलं. माणूस गप्प का बसलं हे कळायचं असेल, तर विचारणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय ते आधी पाहावं. पुढे कोणत्याही गावात गेले की मी पहिल्यांदा खुर्च्या हलवायला लावायची.

बदलीचा हुकूम आला, तेव्हा म्हातारीची बाजारात गाठ पडली. मी भीतभीतच विचारलं, "मावशी, घरी फार त्रास झाला का?"

ती चाचाच्या टोपलीसमोर हात पुढे करून बसली होती. हिरव्या बांगड्या चढवून घेता घेता तिने मान वळवली आणि म्हणाली, "बुढा रोज इचारते, अजून कोनापाशी ठेवले हायेत? म्या म्हटलं, ठेवले हायेत हे तू सिद्ध कर."