राजूरच्या रांगेत भेटली आत्याची लेक

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला होता का? मी लगेच नाही म्हणाले. माझी आई सत्तरीची, ठणठणीत, मावश्याही तशाच. माझी गाठ तपासणीत साधीच निघाली होती आणि मला जाफराबादची एसटी गाठायची घाई होती. त्यांनी मात्र पुढचं विचारलं, "आणि वडिलांकडे?" हा धोका वडिलांच्या रक्तातूनही तितकाच उतरू शकतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी लहान असतानाच वडील अपघातात गेले. आजी छातीच्या कसल्याशा दुखण्याने तरुणपणीच वारली, एवढंच आईच्या कानावर होतं. एक आत्या होती. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणून आजोबांनी तिचं नाव टाकलं होतं. पुढे आई मला घेऊन माहेरी आली आणि त्या घराशी संबंधच संपला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या आत्याचं काही कळलं तर फार बरं होईल.

ज्या बाईचा चेहरा मी पाहिला नाही, तिला कुठे शोधायचं? मी गणपतीला मानणारी, पण त्या दिवसांत देवापुढे दिवा लावतानाही मन कोरडं असायचं. संकष्टीला राजूरच्या गणपतीला गेले ती श्रद्धेने गेले, असं मी म्हणणार नाही. घरात बसवत नव्हतं म्हणून गेले.

दर्शनाची रांग लांबलचक होती. उपवास आणि ऊन, मला भोवळ आली. मागच्या बाईने मला धरलं, सावलीत बसवलं, बाटलीतलं पाणी पाजलं. माझ्याहून वयाने मोठी. पदराखाली केस नुकतेच वाढू लागलेले. बायका विचारतात तसं तिनेही विचारलं, माहेर कुठलं? वाढले आजोळी, पण मूळ गाव अंबड तालुक्यातलं, असं म्हणून मी गावाचं आणि वडिलांचं नाव सांगितलं. तिचा हात माझ्या मनगटावर होता, तो एकदम घट्ट झाला.

"तू माझ्या मामाची लेक हायेस," ती म्हणाली. "मी तुलाच हुडकून राह्यले, बाई."

तिची आई, म्हणजे माझी आत्या, याच आजाराने गेली होती. मग हिलाही झाला. उपचार झाले, रक्ताची जनुक तपासणी झाली आणि आईकडून आलेला दोष सापडला. "डॉक्टर म्हन्ले, मामाच्या लेकरांना सांगा. पन तुमी कुठं गेल्ता, ते गावात कोनालाच ठाव न्हाई. आज गणपतीला तेच सांगाया आल्ते."

दोघी एकमेकींच्याच शोधात आणि एकाच रांगेत! आम्ही रडलो, हसलो, पुन्हा रांगेत शिरलो आणि मूर्तीसमोर पोचल्यावर काय मागायचं ते दोघींनाही सुचेना.

पुढच्याच आठवड्यात ती माझ्याबरोबर दवाखान्यात आली. तिच्यातला दोष नेमका कोणता ते माहीत असल्याने माझ्या रक्तात तोच शोधायचा होता. काम सोपं झालं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. निकाल आला. दोष माझ्यातही होता.

मी कोसळेन असं मला वाटलं होतं, पण तसं झालं नाही. दोष आहे म्हणजे आजार झालाच असं नाही, पण धोका मोठा आहे, हे त्यांनी नीट समजावलं. स्तनांचा एमआरआय झाला, तो स्वच्छ आला. आता दरवर्षी तपासणी. या दोषाने अंडाशयालाही धोका असतो आणि मला आता आणखी मुलं नको आहेत, तेव्हा अंडाशयं काढायची, हे मी घरात सगळ्यांशी बोलून ठरवलं. मुलांनाही सांगितलं, त्यांची तपासणी ती सज्ञान झाल्यावर, त्यांच्या इच्छेने.

त्या रांगेत जे घडलं त्याला योग म्हणा, कृपा म्हणा; मला वाद घालायचा नाही. हे आपल्यात नसावं, एवढंच मी इतके दिवस मागत होते. आता हात जोडते आणि जे येईल त्याला हो म्हणते. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे. भीती आहे थोडी, पण खरं सांगते, उत्साह जास्त आहे. काल माझ्या या आतेबहिणीचा, ताईचा, फोन आला होता. ती आदल्या दिवशीच मुक्कामाला येतेय, आणि माझी आई तिच्यासाठी आजच पुरणाची डाळ निवडायला बसली आहे.