शिमोनच्या खांद्यावरचा टॉवेल

चूक माझी होती आणि नऊ वर्षं ती मी दुसऱ्यांच्या नावावर खपवली. दीड महिन्यापूर्वी मलावीहून सॅम्युअलच्या बायकोचा, ग्रेसवहिनींचा फोन आला. तीन वर्षं पुण्यात काढल्यामुळे त्यांना मराठी येते. "दादा, सॅम्युअल गेले..." एवढंच बोलल्या. मला दुःखाच्या आधी ती चूक आठवली.

सॅम्युअल इथे ईश्वरविज्ञान शिकायला आला आणि विश्रांतवाडीतल्या आमच्या चर्चच्या मराठी मंडळीत रमला. त्याचा विषय होता कृष्णवर्णीयांचं ईश्वरविज्ञान. मला काही उमजेना, तेव्हा चहा पिता पिता त्याने सोपं करून सांगितलं. "दादा, आमच्या घरात गोऱ्या येशूची तसबीर होती. बाबा तिच्यापुढे मान खाली घालायचे, मळ्यावरच्या गोऱ्या साहेबापुढेही तशीच. पुरुषाने असंच वागायचं, हे मी शिकलो. मग एक शिक्षक म्हणाले, देव साहेबाच्या नाही, तुझ्या बाबांच्या शेजारी उभा आहे. त्या दिवशी मी पहिल्यांदा ताठ चाललो." मग हसला. "आणि आलो पुण्यात! इथे जिन्यात मला बघून लोक भिंतीला चिकटतात, पण कपाट वर चढवायचं असलं की सगळी सोसायटी ‘सॅम्युअलभाऊ, सॅम्युअलभाऊ’ करत येते."

मीही हसलो. खरं तर मला ते कळायला हवं होतं. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. माणूस म्हणून मान मिळावा म्हणून ते ख्रिस्ती झाले. आणि मी स्वतः काळाच, लहानपणापासून पावडर थापणारा.

उत्तम शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं, नाटक मी बसवायचो. त्या वर्षी येशूचं काम करणारा गृहस्थ कावीळ होऊन पडला. आठ दिवस उरलेले. मराठी पक्की व्हावी म्हणून सॅम्युअल रोज तालमीला बसायचा, त्यामुळे सगळे संवाद त्याला एकट्यालाच पाठ होते. त्याने विचारलं, "दादा, मी करू?"

"माझं काही नाही रे... पण मंडळीला चालणार नाही."

येशूचा झगा मी माझ्या गोऱ्यापान भाच्याला दिला. सॅम्युअलला केलं शिमोन कुरेनेकर, म्हणजे शिपायांनी वाटेत धरून ज्याच्या खांद्यावर येशूचा क्रूस लादला, तो आफ्रिकेतला माणूस.

"म्हणजे पुन्हा कपाटच," तो म्हणाला.

प्रयोगात भाचा अडखळला. क्रूसाखाली वाकलेला सॅम्युअल त्याला हळूच एकेक वाक्य पुरवत राहिला. येशू छान बोलला, असं सगळे म्हणाले...

गेल्या रविवारी उपासनेनंतर आम्ही त्याची आठवण केली. ग्रेसवहिनी व्हिडिओ कॉलवर होत्या. मागच्या खोलीतला तो क्रूस मी बाहेर आणला. खांद्याला टोचू नये म्हणून सॅम्युअलने आडव्या लाकडाला गुंडाळलेला टॉवेल अजून तसाच आहे. मी बोलायला उभा राहिलो, तोच ऐंशीच्या मार्थाबाई म्हणाल्या, "काय रे, त्याला येशू का नाही केलंस? सगळं पाठ होतं त्याला."

"मंडळीला चाललं नसतं..."

"विचारलं होतंस आम्हाला?"

नव्हतं विचारलं. मी टॉवेलवर हात ठेवला आणि फोनकडे वळलो. "वहिनी, मंडळी नाही म्हणाली नव्हती. मी म्हणालो. माझ्याच रंगाची मला लाज वाटत होती, म्हणून त्याच्या रंगाचा येशू मला बघवला नसता. सॅम्युअल, माझं चुकलं. मला क्षमा कर."