माळव्यातला राजवाडा आणि सात नंबरचं मशीन

"मॅडम, काढा आता," तुरकर सर म्हणाले.

मशीन लावून दोन तास झाले होते. अजून दोन बाकी होते.

"सर, अर्धंच झालंय," मी म्हटलं.

"अर्धं पुरे."

"डॉक्टर साहेब ओरडतील."

"ओरडू द्या. सही मी करतो."

वेळेआधी मशीन बंद करायचं असेल तर पेशंटला स्वतःच्या जबाबदारीवर सही करावी लागते. त्या महिन्यात सर जवळपास प्रत्येक वेळी सही करत होते. डाव्या हाताने, वेडीवाकडी. उजव्या हातात सुया असायच्या.

मी गोंदियातल्या एका रुग्णालयात डायलिसिस टेक्निशियन आहे. आमचं काम सांगायला सोपं आहे. किडनी बंद पडली की रक्तातली घाण आणि अंगातलं पाणी बाहेर पडत नाही. ते काम मशीन करतं. हाताच्या शिरेत दोन सुया लावायच्या. एकीतून रक्त बाहेर येतं, फिल्टरमधून जातं आणि दुसरीतून परत अंगात. हे चार तास चालतं. दोन तासांत उठलं तर पाणी अंगात उरतं आणि पोटॅशियमही उरतं. पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं, आणि ते आधी सांगून थांबत नाही.

हे सगळं सरांना पाठ होतं. त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता.

सर तिरोड्याजवळच्या एका गावचे, पोवार समाजातले. घरी पोवारी बोलायचे, आमच्याशी शाळेतली मराठी. आयुष्यभर चित्रकलेचे शिक्षक. रिटायर झाले आणि पाठोपाठ किडनीचं निदान झालं. डायलिसिससाठी हाताची धमनी आणि शीर ऑपरेशन करून जोडतात, म्हणजे शीर जाड होते आणि जाड सुई झेलते. त्याला आम्ही फिश्चुला म्हणतो. हा शक्यतो डाव्या हाताला करतात, कारण उजवा कामाचा. सरांचा डावा फिश्चुला थोड्याच महिन्यांत बंद पडला. मग दुसरा उजव्या हाताला करावा लागला. चित्र काढायचा हात मशीनला बांधला गेला. त्यानंतर ते अर्ध्यावर उठायला लागले.

एक दिवस मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले. विचारलं, "सर, खरं सांगा. काऊन उठता?"

त्यांनी सुयांच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "इथं बसलं की मला एकच दिसतं. माझं जायचं राहून गेलं."

"कुठं जायचं?"

"माळव्यात."

मग त्यांनी सांगितलं. पोवारांचे पूर्वज माळव्यातून इकडे आले, हे आमच्या भागात लहान पोरालाही माहीत असतं. सरांचा माळवा मात्र त्याहून वेगळा होता. नागपूरला चित्रकला शिकत असताना त्यांच्या एका गुरुजींनी त्यांना एक फोटो दाखवला होता. माळव्यातल्या एका जुन्या राजवाड्याची भिंत. झाडाखाली बसलेल्या गाणाऱ्या बायका. फोटो काळा-पांढरा होता. त्या भिंतीवर कुठले रंग असतील, हा विचार सरांनी तेव्हापासून सोडला नव्हता. नोकरीत जमलं नाही. रिटायर झाल्यावर तिकिटं काढली, तेवढ्यात हे सुरू झालं. आता आठवड्यातून तीन दिवस मशीन. प्रवास व्हायचा कसा?

मी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर शोधलं. त्या राजवाड्याचा ऑनलाइन टूर होता. प्रत्येक दालनाच्या मधोमध कॅमेरा ठेवून चहूबाजूंचे फोटो काढलेले असतात आणि ते एकमेकांना जोडलेले असतात. स्क्रीनवर बोट फिरवलं की आपणच मान फिरवल्यासारखं दिसतं. बाणावर बोट ठेवलं की पुढच्या दालनात.

पुढच्या पाळीला मी मोबाईल त्यांच्या डाव्या हातात दिला.

त्या दिवशी ते चार तास बसले. मशीनने वेळ संपल्याचा आवाज केला तेव्हा ते म्हणाले, "इतक्यात?"

पुढच्या दोन-तीन पाळ्या तशाच गेल्या. पायात गोळे येणं कमी झालं. बीपी पडायचा, तोही जरा स्थिर राहिला. यात वैद्यकीय चमत्कार काही नव्हता. पूर्ण वेळ मशीन चाललं की पाणी सावकाश निघतं आणि शरीर ते सोसतं. सर दरबार हॉलमध्ये रमले होते. एकेका खांबापुढे थांबत होते. "त्या बायकांची भिंत पाहिली का?" मी विचारलं.

"घाई कशाला? वरच्या मजल्यावर आहे. आधी खालचं तर पाहू."

मग तो दिवस आला. सर छतावरची वेल पाहत होते. मी तीन नंबरच्या पेशंटचा बीपी घेत होते. शेजारच्या आठ नंबरवरून मारबते भाऊंची हाक आली. मारबते भाऊ नवेगाव बांधचे, तलावावर मासेमारी करायचे. आवाज मोठा.

"बाई, सरायच्या चादरीले रक्त लागून राह्यलं."

मी धावले. सरांची नजर स्क्रीनवर होती आणि उजवा हात चादरीखाली. त्या हाताने ते गादीवर वेल काढत होते. मनगट वळलं आणि रक्त परत नेणारी सुई निसटली. पंप चालूच होता. म्हणजे रक्त अंगातून निघत होतं आणि गादीवर पडत होतं. रक्त गोठू नये म्हणून औषध दिलेलं असतं, त्यामुळे ते थांबतही नाही. मशीनने अलार्म दिला नव्हता. कधीकधी देत नाही.

पंप बंद. नळ्यांना क्लॅम्प. हातावर दाब. सर पांढरे पडले होते. सलाईन चढवलं. थोड्या वेळाने ते शुद्धीवर येऊन माझ्याकडे पाहायला लागले आणि म्हणाले, "मला कळलंच नाही, हात चालतोय म्हणून."

डॉक्टर साहेब आले. त्यांनी गादी पाहिली, मोबाईल पाहिला.

"ये सब आज से बंद," ते म्हणाले. "डायलिसिस युनिट है, थिएटर नहीं."

"साहेब, ते याच्यामुळे पूर्ण वेळ बसतात."

"और इसी की वजह से जान जाती आज."

त्यांचं चूक नव्हतं. मी मोबाईल खिशात ठेवला.

पुढच्या पाळीला सर दीड तासात उठले. त्याच्या पुढच्या पाळीला आलेच नाहीत. मी फोन केला. सरांच्या पत्नीने, काकूंनी उचलला. "नाई म्हनतात," एवढंच बोलल्या.

दोन दिवसांनी सकाळी त्यांना गाडीतून आणलं. आडवं होता येत नव्हतं. बसून, पुढे वाकून श्वास ओढत होते. छातीत घरघर. फुप्फुसात पाणी भरलं होतं. पाय सुजून चपला घालता आल्या नव्हत्या, काकूंनी त्या पिशवीत आणल्या होत्या. ऑक्सिजन लावला आणि लगेच मशीनवर घेतलं. मी सुई लावताना त्यांनी हात स्थिर ठेवला. सारं अंग धडपडत होतं, तो हात तेवढा गप्प होता.

पाणी निघत गेलं, तसा श्वास शांत होत गेला. दुपारी डॉक्टर साहेब बाहेर येऊन काकूंना म्हणाले, "काकूजी, ये दुबारा हुआ तो मैं कुछ नहीं कर पाऊंगा. आप इनको समझाओ."

काकू बाकावरून उठल्या. पदर नीट केला.

"मी कायले समजावू जी? ते मास्तर होते, मले समजावत. मशीनवर बसत होते ते त्या राजवाड्यापायी. तुमी तेच बंद केलं."

"माँजी, सुई निकल गई थी. आपको मालूम है कितना खून गया?"

"मालूम आहे. धुतलेले कपडे मीच वाळू घातले ना." मग म्हणाल्या, "रक्त गेलं त तुमी भरून देलं साहेब. हे कसं भरून देसान?"

डॉक्टर साहेब वळले. आत गेले, सरांच्या मशीनपाशी उभे राहिले. मला वाटलं आकडे पाहताहेत. ते भिंतीवरचा टीव्ही पाहत होते. त्यावर दिवसभर बातम्या चालायच्या, आवाज बंद करून.

"ये मोबाईल से जुड़ता है?" त्यांनी विचारलं.

"जोडता येतो साहेब."

"तो इस पर लगाओ. मोबाईल तुम चलाओगी, वो नहीं. हाथ चादर के बाहर. टेप डबल. और हर पंद्रह मिनट में सुई देखो, चाहे राजा आए या रानी."

अशी आमची पद्धत बसली. मी दर फेरीत सुया तपासायची आणि मोबाईल हातात घेऊन सरांच्या सूचनेने टूर चालवायची. "उजवीकडे. वर. थांबा. थोडं मागे." बाकीचे पेशंट सुरुवातीला कुरकुरले, बातम्या गेल्या म्हणून. पण चार तास छताकडे पाहत पडलेल्या माणसाला समोर काही हललं तरी बरं वाटतं. हळूहळू ते ऐकायला लागले. सर सांगायचे, हा निळा रंग दगड कुटून करतात. हा काळा म्हणजे दिव्याची काजळी. इथं ओल आली आणि रंग सुटला, ते पोपडे पाहा.

मारबते भाऊ एकदा म्हणाले, "सर, एवढ्या मोठ्या घरात राजाले झोप येत असन का जी?"

"मला नसती आली," सर म्हणाले.

"मले त दोन खोल्यांत नाई येत आता. खाज सुटते रातभर."

"किडनीची खाज आहे ती. राजालाही सुटली असती."

पूर्ण शिफ्ट हसली. आमच्याकडे हसण्याचे प्रसंग कमी.

वरच्या मजल्यावर जायला सरांनी बरेच दिवस घेतले. मी सुचवलं की म्हणायचे, पुढच्या वेळी. मग एका मंगळवारी, सुया लावून झाल्यावर, स्वतःच म्हणाले, "चला, जाऊन येऊ."

जिना, एक लांब ओसरी आणि मग ते दालन. लहानच होतं. खिडकीतून इतका उजेड आला होता की फोटोत निम्मी भिंत पांढरी झाली होती. उरलेल्या भागात झाड दिसत होतं, त्याच्याखाली बायका. मी चित्र मोठं केलं.

रंग जवळजवळ नव्हतेच. झाड फिकट राखाडी. बायकांची वस्त्रं पांढरट, कुठे पिवळसर मातीसारखी. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं वाट पाहून माणसाला हे दिसावं.

सर पाहत होते. मी सुया तपासल्या. ठीक होत्या. बीपी घेतला. ठीक.

"रंग उडाला असेल सर," मी म्हटलं.

"नाही," ते म्हणाले. "उडालेला रंग डाग सोडतो. इथं लावलाच नाही. पाय पाहा त्यांचे."

मी खाली सरकवलं. बसलेल्या बायकांचे तळवे बाहेर दिसत होते. प्रत्येकीच्या तळव्याला लाल रंग होता. सगळ्या भिंतीवर तेवढाच.

"मी मनात यांना लाल लुगडी नेसवली होती," सर म्हणाले. "हिरवी झाडं, निळं आभाळ. केवढा रंग वाया घालवला."

"पुढं नेऊ?" मी विचारलं तेव्हा त्यांनी नको म्हणून मान हलवली. उरलेला वेळ टीव्हीवर तीच भिंत होती. कुणी बदलायला सांगितली नाही.

सर त्यानंतर काही महिने येत राहिले. पाळी चुकवली नाही, सही मागितली नाही. उजवा हात चादरीवर उघडा असायचा आणि हलायचा नाही. धानाची कापणी सुरू असताना घरीच गेले, पहाटे, हृदय बंद पडून. डायलिसिसच्या पेशंटचं असं होतं. मशीन किडनीचं काम करतं, बाकी शरीराची झीज त्याला भरून काढता येत नाही. सात नंबरला दुसरा पेशंट लागला. वेटिंग मोठं आहे.

काही आठवड्यांनी काकू कागदपत्रांसाठी आल्या. काम झाल्यावर युनिटच्या दाराशी उभ्या राहिल्या. आमच्याकडे इन्फेक्शनच्या भीतीने नातेवाइकांना आत घेत नाहीत. इतके महिने त्या बाहेरच्या बाकावर बसत होत्या, चार-चार तास. त्यांनी तो राजवाडा कधी पाहिलाच नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"बाई, ते काय पाहत होते, मले दाखवा ना," त्या म्हणाल्या.

मी बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बसले. मोबाईलवर सगळं दाखवलं. दरबार, खांब, छत, वरचं दालन. त्यांनी शांतपणे पाहिलं, शेतजमीन पाहावी तसं.

"रांधनखोली कुठं आहे?"

मी शोधलं. नकाशात पाहिलं, सगळे बाण दाबले. टूरमध्ये स्वयंपाकघर नव्हतं.

"नाही दाखवलं काकू."

"एवढ्या लोकायले कोनी रांधून घातलंच नसन का?"

सरांची भाजी त्या दोनदा उकळून पाणी फेकून द्यायच्या, पोटॅशियम निघावं म्हणून. मीठ मोजून. पाणी वाटीने. ते काम कुठल्या यादीत नसतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, मग बस सुटेल म्हणून उठल्या.

नवीन टेक्निशियन आले की मी त्यांना दोन गोष्टी सांगते. पहिली, सुयांचा हात कधीही चादरीखाली जाऊ देऊ नका, पेशंट कितीही कुडकुडला तरी. दुसरी, पेशंट अर्ध्यावर उठतो म्हणाला तर पोटॅशियमचं भाषण करू नका, ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतं. स्टूल घ्या आणि त्याच्याजवळ बसा. आणि पाळी संपली की एकदा बाहेरच्या बाकाकडेही जाऊन या.