आईंचं भांडण आणि बन्सीची चावी

माझ्या सासूबाई कालिंदी, ज्यांना मी आई म्हणते, कुणाशीही गोड बोलत नाहीत. लग्न होऊन मी गारखेड्यात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या माहेरच्या लाडवांना कडक म्हटलं, तेही माझ्या आईसमोर. लाडू कडकच होते, पण म्हणून काय झालं? उलट माझे सासरे अनंतराव. कुणी खारट आमटी वाढली तरी ‘वा, छान’ म्हणत पुन्हा वाटी पुढे करणार. अख्ख्या कॉलनीत बाबांचं कुणाशी वाकडं नाही आणि आईंचं सरळ कुणाशी आहे, हे मला अजून शोधायचंय.

मी बी.एड. कॉलेजात शिकवते. कोणत्या स्वभावाचा माणूस मोबाइलवर कसा वागतो, चांगला डिजिटल नागरिक कोण ठरतो, यावर मागच्या वर्षी आमच्याकडे एक प्रश्नावली आली होती. घरी दोघांनाही मी ती विचारली. मनमिळाऊपणात बाबा पहिले आले. ‘तुमचा लोकांवर चटकन विश्वास बसतो का?’ यावर आईंनी मलाच विचारलं, “का बसावा?” कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन बाबा आहेत ते बरंच आहे, असं मी मनात म्हटलं. आई असत्या तर एव्हाना ग्रुपमध्ये त्या एकट्याच उरल्या असत्या.

हे मत बदललं ते बन्सीमुळे. बन्सी आमच्या भागात नळाचं पाणी सोडतो. मूळचा लासूर स्टेशनकडचा, राहतो मुकुंदवाडीत, नोकरी ठेकेदाराकडे. व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी सायकलला बांधून येतो. आमच्याकडे पाणी आठवड्यातून एखाद्या दिवशी येतं, त्यामुळे त्या दिवशी सगळी कामं बाजूला पडतात आणि आईंचं बन्सीशी भांडण होतंच. उशीर का केला, प्रेशर का नाही, पलीकडच्या गल्लीला जास्त वेळ का दिला. आई फाटकाशी उभ्या राहून सगळं त्याच्या तोंडावर सांगतात आणि तो ‘व्हय काकू’ म्हणत चावी फिरवतो.

एका रविवारी सकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला. मागच्या गल्लीतल्या सुदर्शनने तो काढला होता. बन्सी एका हिरव्या फाटकाशी थांबतो, फाटकावरून एक हात बाहेर येतो, बन्सी त्या हातातलं काहीतरी खिशात घालतो आणि पुढे जाऊन व्हॉल्व्ह उघडतो. एवढंच. खाली लिहिलं होतं, ‘आपलं पाणी असं विकलं जातंय.’ सुदर्शनच्या टाकीत कितीतरी दिवस थेंब नव्हता, त्यामुळे त्याचा संताप खोटा नव्हता. “काका, पुढे पाठवा ना,” असं तो बाबांना म्हणाला आणि बाबांनी व्हिडिओ आणखी दोन ग्रुपवर पाठवून दिला. बाबांना कुणालाच नाही म्हणता येत नाही.

दुपारी बन्सीचा फोन आला, तोही बाबांनाच. बाबांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

“काका, ठेकेदार म्हणतोय संध्याकाळी चावी जमा कर, उद्यापासून येऊ नको. म्या पैसे घेतले नाय हो. तुमी ग्रुपात सांगा ना, तुमचं समदे ऐकतेत.”

“सांगतो, सांगतो. तू काळजी करू नकोस,” बाबा म्हणाले आणि फोन ठेवून तसेच बसून राहिले. बन्सीची बाजू घ्यावी तर सुदर्शन दुखावणार, न घ्यावी तर बन्सी. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

आईंनी चष्मा लावून व्हिडिओ पुन्हा पाहिला. “हे सारजाबाईंचं फाटक आहे,” त्या मला म्हणाल्या. “चल.”

“आधी फोन करूया का?”

“फोनवर तोंड दिसत नाही.”

सारजाबाई एकट्या राहतात. आईंनी दारातूनच विचारलं, “सारजाबाई, पाण्यासाठी तुम्ही बन्सीला पैसे देता का?” मला तिथल्या तिथे गडप व्हावंसं वाटलं. सारजाबाई मात्र चिडल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी गोळ्यांचं एक रिकामं पाकीट आणलं.

“असलं पाकीट देत असते बाई. मला काय नाव वाचता येत नाय. त्यो तिकडल्या मेडिकलातून तसल्याच गोळ्या आणून देतो. लई गुणाचा हाय.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “पर कशाच्या गोळ्या ते कुणाला सांगू नका. माझं नावबी घेऊ नका.”

“नाही घेणार,” आई म्हणाल्या.

“त्या पाकिटाचा फोटो टाकला असता तर प्रश्नच मिटला असता,” परत येताना मी म्हटलं. आईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला. पण मला खरोखर कळत नव्हतं, पुरावा न देता त्या लोकांना पटवणार कसं. संध्याकाळ व्हायला फार वेळ नव्हता.

घरी येऊन आईंनी एका बोटाने टाइप केलं: ‘मी कालिंदी. व्हिडिओतल्या घरी जाऊन स्वतः विचारून आले. जे दिलं त्याचा पाण्याशी संबंध नाही. काय दिलं ती त्या घरची खासगी गोष्ट आहे, मी सांगणार नाही. बन्सी उशिरा येतो आणि पाणी कमी सोडतो, हे मी नेहमी म्हणते आणि पुढेही म्हणेन. पण पैसे त्याने घेतलेले नाहीत. शंका असेल त्याने माझ्या घरी यावं.’

यात सुदर्शनचं नाव कुठेच नव्हतं. त्याला त्यांनी घरी बोलावलं आणि समोर बसवून जे सुनावलं ते मी इथे लिहिणार नाही. जाताना त्याने व्हिडिओ काढून टाकला आणि ग्रुपवर ‘चुकलं’ असं लिहिलं. मग आई बाबांकडे वळल्या. “अहो, तुम्ही जिथं जिथं पाठवलात तिथं तिथं तुम्हीच लिहा.” बाबांनी लिहिलं. फुलं आणि जोडलेले हात नसलेला त्यांचा तो बहुधा पहिलाच मेसेज.

ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘कालिंदीकाकू बन्सीच्या बाजूने बोलतायत म्हणजे खरंच असणार.’ त्याखाली तसेच मेसेज येत गेले आणि मी ते वाचत बसले. बाबांनी हेच लिहिलं असतं तर लोकांनी अंगठे दाखवले असते आणि संशय मनात तसाच ठेवला असता, कारण बाबा सगळ्यांनाच चांगलं म्हणतात. आईंनी बन्सीला इतक्या वर्षांत एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं, म्हणून आज त्यांच्या शब्दाला वजन आलं. मला सासूबाईंचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता. लोकांनीच ठेकेदाराला फोन केले आणि चावी बन्सीकडेच राहिली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी बन्सी आला. उशिराच.

“काकू, तुमच्यामुळं नोकरी राहिली,” तो म्हणाला.

“ते झालं. आज उशीर का झाला ते सांग.”

भांडण जुंपलं. आवाज ऐकून सुदर्शनही बाहेर आला आणि सवयीने त्याचा हात मोबाइलकडे गेला. आईंनी ते पाहिलं.

“काढ व्हिडिओ,” त्या म्हणाल्या. “पण मधेच बंद करू नकोस.”

सुदर्शन ओशाळला, तरी मोबाइल धरून उभा राहिला. आईंनी उशिरापासून प्रेशरपर्यंत सगळं बन्सीला ऐकवलं, तो ‘व्हय काकू’ म्हणत चावी फिरवत राहिला. मग त्या आत गेल्या आणि दर वेळेसारखा बन्सीचा चहा घेऊन आल्या. आज ट्रेमध्ये आणखी एक कप होता. तो घ्यायला सुदर्शनला मोबाइल खिशात ठेवावा लागला.