सोसिमा कान्चान्याची फळ्यांची वाट

उआन्कायो शहराच्या वरच्या अंगाला, जिथे निलगिरीची झाडं विरळ होतात आणि बटाट्याची शेतं सुरू होतात, तिथे सोसिमा कान्चान्याचं मातीच्या भिंतींचं लांबलचक कोठार आहे. बापाच्या काळात तिथे बटाटे साठवायचे. आता तिथे माणसं धावतात. भुईवर निलगिरीच्या फळ्यांची वाट टाकली आहे, वीस ढांगांची. आलेल्याने बूट काढायचे, फळ्यांवरून धावत जायचं आणि धावत परत यायचं. सोसिमा तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी असते. कॅमेरा नंतर. आधी ती ऐकते.

"डोळा चेहऱ्यावर जातो," ती म्हणते. "कानाला चेहरा दिसत नाही."

ऐकून झालं की ती कंबरेच्या दोन हाडांवर, गुडघ्यांवर आणि टाचांवर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावते, मागून चित्रण करते, आणि पडद्यावर ते इतकं सावकाश चालवते की एक पाऊल टेकेपर्यंत कपातला चहा निवावा. कुठली कंबर झुकते, कुठला पाय मधली रेघ ओलांडतो, कुठली टाच आपटते, ते त्यात दिसतं. मग ती सांगते, हा घोटा दोन महिन्यांत जाईल, हा गुडघा कापणीपर्यंत टिकेल. त्यावर व्यायाम देते, ढांग आखूड करायला लावते. खोऱ्यातले धावणारे तिला मानतात. प्रेम फारसं कोणी करत नाही, कारण ती जिभेची तिखट आहे आणि ते तिला ठाऊक आहे.

तिचा स्वतःचा उजवा पाय बोटभर आखूड आहे.

सतरा वर्षांची असताना अबुंदियो ओरिउएला या प्रशिक्षकाने तिला मेंढ्यांमागे धावताना पाहिलं आणि बापाकडून मागून नेलं. सगळे त्याला प्रोफे, म्हणजे मास्तर, म्हणत, अजून म्हणतात; तो तिला लहान पोरीसारखं सोसिता म्हणायचा. त्याच्या हाताखाली ती चार वर्षं धावली आणि खोऱ्यात तिच्या पुढे कोणी राहिलं नाही. मग उजवी नडगी दुखायला लागली. आधी धावून झाल्यावर, मग धावताना, मग झोपेतही. प्रोफेने बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाला, दुखणं म्हणजे आगाऊ पाहुणा, चहा विचारला नाहीस तर आपोआप निघून जातो. तिने विचारला नाही. लिमाच्या मॅरेथॉनमध्ये एकतिसाव्या किलोमीटरला तिचं हाड मोडलं. त्याचा आवाज तिने ऐकला होता.

पण तिने जन्मभर उराशी धरलं ते हाडाचं दुखणं नव्हे. पुढच्या रविवारी प्रोफे खोऱ्याच्या रेडिओवर बोलला. म्हणाला, डोंगरातल्या पोरी पायांनी हरणं असतात, पण काळीज कोंबडीचं. सोसिता घाबरली आणि रस्त्यात बसली. तिच्या आईने ते चुलीपुढे मका भाजता भाजता ऐकलं. नंतर कैक वर्षं सोसिमा कुबडी घेऊन बाजारात गेली की भाजीवाल्यांची पोरं मागून कोंबडीसारखा आवाज काढायची.

लोकांना वाटतं, धावण्यावर जीव होता म्हणून ती लिमाला जाऊन ही विद्या शिकली. तसं नाही. तिला त्या माणसाचं नाक कापायचं होतं, आणि त्याला हत्यार लागतं. हाडांच्या इस्पितळात तिने दोन वर्षं फरशी पुसली, पुढची सहा वर्षं शिकली, आणि परवाना घेऊन मुद्दाम परत आली, त्याच्या गावात, त्याच्या डोळ्यांपुढे. आणि वाट पाहत बसली. हाड मोडल्याला एकोणीस वर्षं झाली, तेव्हा तो आला.

त्याला यावंच लागलं. धावपटूंच्या संघटनेने नियम केला होता की राष्ट्रीय निवडीच्या मॅरेथॉनला पायांच्या तपासणीचा कागद जोडायचा, आणि साऱ्या खोऱ्यात तो देणारी सोसिमा एकटीच. प्रोफेसोबत नेलिदा पोमा होती, बावीस वर्षांची, गालांवर थंडीने फुटलेल्या लाल रेषा, हसरी. ती निवडली गेली तर प्रोफे राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होणार, हे खोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं. म्हातारा टोपी न काढता आत आला.

"काय सोसिता, बापाचे बटाटे कुठे गेले?"

"कुजले, प्रोफे," सोसिमा म्हणाली. "हिचे बूट काढा."

ती भिंतीकडे वळली. नेलिदा फळ्यांवरून गेली आणि आली. डावं पाऊल भरून पडत होतं. उजवं पडताच उचललं जात होतं, जसा तापलेल्या तव्यावरून हात उचलावा. दुसऱ्या खेपेलाही तेच. ती चाल सोसिमाने आधी आतून ऐकली होती, स्वतःच्याच पायात. मग चित्रणात डावी कंबर झुकलेली दिसली. तिने पोरीच्या उजव्या नडगीवर अंगठा फिरवला. नाण्याएवढ्या एका जागी नेलिदाचं हसू क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. त्या पायावर उड्या मार म्हटलं तर तिने दहा मारल्या, हसत, ओठ पांढरे करून.

"दुखतं?"

नेलिदाने आधी प्रोफेकडे पाहिलं. "नाही, सोसिमाबाई."

कागद उद्या घेऊन जा, एवढंच सोसिमाने सांगितलं.

ती संध्याकाळ तिने फळ्यांवर बसून काढली, आणि खरं सांगायचं तर तिच्या आयुष्यातली ती फार गोड संध्याकाळ होती. काही करायचंच नव्हतं. फक्त सही. ‘पाय ठीक’ लिहायचं, आणि तीन आठवड्यांनी साऱ्या देशाच्या देखत प्रोफेची पोर रस्त्यावर कोसळणार, त्याचा संघ जाणार, म्हातारपण जाणार. तिने पेन हातात घेतलं. नेलिदाची दया तिला आली असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. तिची तेव्हा कोणी दयामाया केली होती? तिने एवढंच केलं, की शर्यतीनंतरचा रविवार मनाशी पाहिला. रेडिओच्या माइकपुढे प्रोफे बसलेला दिसला. आणि तो काय बोलणार ते तिला अक्षर न अक्षर ऐकू आलं. नेलिदा घाबरली. काळीज कोंबडीचं. वर म्हणणार, सोसिताचाच कागद होता, पाय ठीक होते.

म्हणजे पोर मोडणार आणि म्हातारा पुन्हा कोरडा सुटणार. तिने पेन खाली ठेवलं, आणि सकाळी कागदावर लिहिलं: उजव्या नडगीच्या हाडाला चीर असण्याची शक्यता, हाडाचं चित्र काढावं, आठ आठवडे धावणं बंद.

प्रोफेने कागद वाचला आणि बाहेर अंगणात त्याचे बाकीचे धावणारे व्यायाम करत होते त्यांना ऐकू जाईल असा हसला. ही सूड घेतेय, तो म्हणाला, एकोणीस वर्षं विष साठवून ठेवलंय बाईने. सगळ्यांनी सोसिमाकडे पाहिलं. तिला नाही म्हणता आलं नाही.

नेलिदा रडत पुढे आली. "तुमचं भांडण त्यांच्याशी आहे. माझी शर्यत कशाला मारता?"

"हो, भांडण आहे," सोसिमा म्हणाली. "मेल्यावरही राहील. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. ये, भिंतीकडे तोंड कर."

तिने अंगणातल्या एका धावणाऱ्याला फळ्यांवरून पाठवलं. टप टप टप टप, दोन्ही पावलं सारखी. मग दुसऱ्याला. तेही सारखं. मग तिने काल केलेल्या चित्रणाचा पडदा झाकला आणि नुसता आवाज लावला, कोणाचा ते न सांगता.

पोर डोंगरातली होती. मेंढरू लंगडतंय की नाही हे कळपाकडे पाठ असताना ओळखणाऱ्यांतली. थोडा वेळ ऐकून तिने विचारलं, "हा कोण? याचा उजवा पाय तर गेलाय."

नेलिदाने वळून सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि खाली बसली. मग नडगीवर हात ठेवून म्हणाली, "महिना झाला. प्रोफेंना सांगितलं होतं मी."

प्रोफे तोवर अंगणातून निघून गेला होता. शहरात हाडाचं चित्र काढलं, त्यात केसाएवढी चीर निघाली. निवड हुकली. राष्ट्रीय संघ दुसऱ्या कोणाकडे गेला.

एवढ्यावर सोसिमाचं पोट भरायला हवं होतं. पण आठ आठवड्यांनी नेलिदा सांगायला आली की ती प्रोफेकडेच परत जाणार आहे. अकराव्या वर्षापासून त्याच्या घरात उकडलेल्या मक्याचं सार पिऊन मोठी झाले, म्हणाली, त्याला टाकता येत नाही. सोसिमाने तिला शिव्या दिल्या. मग म्हणाली, जा, पण एका अटीवर. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याने आपले सगळे धावणारे घेऊन इथे यायचं, टोपी काढायची, आणि तपासणी संपेपर्यंत दाराशी उभं राहायचं. बसायचं नाही. बोलायचं नाही. नेलिदाने ते जाऊन सांगितलं आणि बाकीच्या तेरा जणांनीही सांगितलं, नाहीतर आम्ही चाललो.

म्हातारा आला. तेव्हापासून दर महिन्याच्या त्या सोमवारी येतो. चौदा जणांना चार तास लागतात आणि सोसिमा मुद्दाम पाच लावते. हाती टोपी घेऊन तो उभा असतो, आणि ती कोणाची कंबर झुकली, कोणाची टाच आपटली, हे मोठ्याने सांगते, म्हणजे ते कोणी बिघडवलं हे सगळ्यांना कळावं. रस्त्याने जाणाऱ्या बायका आत डोकावून जातात.

या महिन्याच्या सोमवारी नेलिदा फळ्यांवर उभी होती आणि सोसिमा भिंतीकडे तोंड करून. तेव्हा दाराकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, अगदी खालचा.

"सोसिमा. त्या वेळी रेडिओवर मी जे बोललो..."

त्याने तिला पहिल्यांदाच पूर्ण नावाने हाक मारली होती. सोसिमा वळली नाही.

"आवाज करू नका, प्रोफे," ती म्हणाली. "मला पावलं ऐकायची आहेत. पळ, नेलिदा."