मायनं वाजवलेली थाळी

ये इकडं, जवळ बस, अन् ते ताट चमच्यानं वाजवू नको गं, कितीदा सांगू? तुझ्या आईच्या आधी, दुसरबीडले माहेरी, मले एक लेक झाली, पण ती रडलीच नाही. लेकरू रडावं म्हणून माय तिच्या कानाशी पितळी थाळी बडवत राह्यली. नर्सबाई नाकातोंडावर रबरी पिशवी दाबून हवा भरत होती. "मावशी, थाळी थांबवा, मले ठोके आयकू येऊन नाही राह्यले!" माय थांबली. मग ओव्याच्या धुरात नुसती पिशवीची फुसफुस. बऱ्याच वेळानं नर्सबाईनं कानातली नळी काढली. मायनं पुन्हा थाळी उचलून बडवली, अन् आता तिले कोणीच थांबवलं नाही. आज निघालीस, पण सुट्टी लागली की लवकर ये पोरी. ताट वाजवलं तरी चालंल, पण ये.